उघड्या हवेच्या दोन शाळा: स्युरेन आणि आम्स्टरडॅम

क्षयाच्या उंबरठ्यावरच्या, नाजूक तब्येतीच्या मुलांना भरपूर ऊन आणि मोकळी हवा मिळावी म्हणून पॅरिसलगतच्या स्युरेनमध्ये १९३५ साली बोदुआं आणि लोद या वास्तुविशारदांनी शाळा बांधली. सुटे वर्गमंडप, तीन बाजूंना घडी होऊन सरकणाऱ्या काचेच्या भिंती. भिंती सरकवल्या की वर्ग थेट बागेत! पायऱ्यांऐवजी उतार, आणि पृथ्वीचा भलामोठा गोल, त्याच्याभोवती चढत जाणारा रस्ता. भूगोल पायांनी शिकायचा, म्हणा ना. २००२मध्ये तिला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

आम्स्टरडॅमची, वास्तुविशारद डाउकरने बांधलेली शाळा (१९३०) याच विचारातली, पण निरोगी मुलांसाठी. घरांच्या चौकात उभी, काँक्रीटची सडपातळ चौकट, वर्गांना जोडून उघड्या गच्च्या. इथे आजही शाळा भरते.

देखणेपणात दोन्ही तोडीस तोड. पण जपायला आधी कोणती, असं विचाराल तर माझं मत स्युरेनला. आम्स्टरडॅमची इमारत मुलांच्या रोजच्या वापरानेच टिकते. स्युरेनमधली आजारी मुलं मात्र औषधं आल्यावर उरली नाहीत, सुदैवानेच म्हणायचं. त्यामुळे त्यांच्यासाठी केलेली ती सरकती भिंत गंजली, तर ती कशासाठी होती हे सांगायला तिथे दुसरं काय राहणार?