रोज अर्धा तास की ऋतूप्रमाणे एकेक छंद?

शिवण, फोटोग्राफी आणि लिखाण, तिन्ही जिवाभावाचं असलं की दोनच रस्ते उरतात: प्रत्येकाला रोज अर्धा तास द्यायचा, नाहीतर एका वेळी एकच धरायचा.

रोजचा अर्धा तास लिखाणाला मानवतो. हाताने शिवायच्या गोधडीलाही. जुन्या लुगड्यांचे थर एकदा टाचून घेतले की धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायच्या आणि सुई तिथेच टोचून ठेवायची. ब्लाउजचं मात्र तसं नाही. कापड पसरा, खडूने आखा, मशीनच्या बॉबिनवर (खालच्या रिळावर) दोरा भरा, यातच अर्धा तास जातो. बाही अर्धवट सोडली तर दुसऱ्या दिवशी तिची पुढची बाजू कोणती तेच आठवत नाही. बाहीचा पुढचा गोलावा मागच्यापेक्षा जास्त खोल कापतात. बाजू चुकली की खांद्यावर चुण्या पडतात आणि सगळं उसवावं लागतं.

फोटोंचं घड्याळच वेगळं. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फुलं साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि कोवळं ऊन सूर्योदयानंतर तासभर. तेव्हा मशीन झाकून निघावंच.

म्हणून मी ऋतूंच्या बाजूने आहे: पाऊस ओसरताना कॅमेरा, दिवाळीनंतर शिवण. लिखाण तेवढं रोज, रात्रीची जेवणं आटोपल्यावर.