व्हाउचर खरं, बुकिंग रद्द

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की म्हापशात टूरवाल्यांचे फ्लेक्स लागतात. सिंगापूर, युनिव्हर्सल स्टुडिओज, हॉटेल सेंटोसा बेटावरच, रोज रात्री इंडियन डिनर. आम्ही घेतलं ते पॅकेज यातलंच. डिसेंबरसाठी कुणाची बोलणी चालू असतील, तर बाकीचे पैसे भरायच्या आधी हे वाचा.

एजंटाने दिलेलं व्हाउचर खोटं नव्हतं, आणि खरी मेख तिथेच आहे. हॉटेलचं नाव, कन्फर्मेशन नंबर, आमची नावं सगळं जुळत होतं. नंबर साइटवर टाकला तर बुकिंग दिसलंसुद्धा. फक्त ते 'फ्री कॅन्सलेशन'चं होतं. आमची पूर्ण रक्कम पोचल्यावर त्याने मुदतीच्या आत ते रद्द केलं आणि दुसरीकडे स्वस्तातली खोली घेतली. चांगी विमानतळावर उतरून फोन चालू केला तर मेसेज: 'सर, हॉटेल चेंज झालंय, सेम कॅटेगरी.'

सेम कॅटेगरी म्हणजे गेलांग. तिथल्या काही गल्ल्या वेश्यावस्ती म्हणून साऱ्या सिंगापुरात ठाऊक आहेत, आणि आमच्याबरोबर आई आणि मुलं. खोलीत जाड पडदा होता. उजेड यावा म्हणून आईने तो सारला, तर मागे नुसती भिंत. बिनखिडकीच्या खोल्या सिंगापुरात राजरोस मिळतात, त्यात लबाडी नाही. पण त्यांचं भाडं कमी असतं आणि बुकिंग करताना तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. आम्ही भाडं भरलं होतं सेंटोसाचं. फोनवर एजंट शांतपणे म्हणाला, "अहो सर, कोटेशनमध्ये 'किंवा तत्सम' लिहिलंय ना!" लिहिलं होतं, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. हे दोन शब्द दिसले की ते खोडून हॉटेलचं नाव लिहून घ्या. आणि रद्द करायची मुदत टळली की हॉटेललाच मेल टाकून बुकिंग शाबूत आहे का ते विचारा. एजंटाला विचारून काही उपयोग नाही.

तसा सेंटोसावरच राहायचा हट्टही नको. हार्बरफ्रंट स्टेशनला लागून व्हिवोसिटी मॉल आहे, तिथून बेटावर मोनोरेल जाते. जाताना 4 सिंगापूर डॉलर, परतीला फुकट. चालायची तयारी असेल तर पूल आहेच.

डिनरचं प्रकरण वेगळंच. कुपन लिटल इंडियातल्या एका रेस्टॉरंटचं, आणि चालणार फक्त संध्याकाळी सहाला, बसच्या ग्रुपबरोबर. युनिव्हर्सलच्या पार्कचं तिकीट काढून मुलांना दुपारीच बाहेर ओढायचं का? उशिरा पोचलो तर मॅनेजरने कुपन हातात परत दिलं. मेन्यूकार्डावरून मागवलं, तेव्हा किमतीपुढची दोन अधिक चिन्हं कळली: 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर 9 टक्के जीएसटी. 20 डॉलरची थाळी बिलात जवळजवळ 24 ची होते. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, ही भानगड नाही. आईच्या सोमवारी टेक्का सेंटर या अशाच एका ठिकाणी डोसा मिळाला, तोही गरम. तेवढं शिवराक (शाकाहारी) तिला पुरलं.

परत आल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आपल्या नावावर आगाऊ भरायचा आयकर, कापून घेतो. आमच्याकडून 5 टक्के घेतले होते, 'रिटर्न भरताना मिळतील, सर' म्हणून. आयकराच्या साइटवर 26एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडला, तर माझ्या पॅनवर एक पैसा नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, पुढच्या क्वार्टरला दिसेल. तो क्वार्टरही गेला. पावती नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं, तिच्यावर त्याचा टॅन नंबरच (असा कर कापून भरणाऱ्याला लागतो तो) नाही, आणि पैसे गेलेत ते त्याच्या बायकोच्या बचत खात्यात. व्हाउचर, मेसेज, पावती, सगळं आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे दिलंय. यंदाही त्याचा फ्लेक्स लागलाय, या वेळी हाँगकाँग डिस्नीलँडचा.