ओरिशाची तीन पुस्तकं, खानापूरच्या कपाटात

टोमी अडेयेमीची 'लेगसी ऑफ ओरिशा' ही तीन पुस्तकांची मालिका अखेर पुरी झाली आणि माझ्या कपाटात लागली. तरुण वाचकांसाठीच्या फँटसी कादंबऱ्या मी हौसेने जमवते, त्यामुळे यातलं कुठलं पुस्तक विकत घ्यावं आणि कुठलं कुणाकडून मागून वाचलं तरी चालेल, ते सांगते.

पहिलं 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन', 2018चं. हे घ्याच. पाचशेच्या वर पानं आहेत, पण जडपणा नाही. ओरिशा राज्यात राजा सारानने जादू जाणणाऱ्यांची कत्तल केलेली आहे. त्यात नायिका झेलीची आई गेली. जादूवाल्यांच्या उरलेल्या मुलांचे केस पांढरे, म्हणून ती लपूनही राहू शकत नाहीत. त्यांच्यावर कर वाढत जातो आणि येता-जाता शिपायांची अरेरावी. झेली आपल्या भावाबरोबर मासा विकायला लागोसच्या बाजारात येते आणि तिथे राजवाड्यातून पळालेली राजकन्या अमारी तिच्या पुढ्यात येते.

अमारी का पळाली, ते प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलंय. तिची जिवाभावाची दासी बिंटा. राजा तिच्या हातात जादू जागवणारी एक जुनी लिखाणाची गुंडाळी देतो, तिच्या हातातून प्रकाश फुटतो आणि दुसऱ्या क्षणी तो तिच्यात तलवार खुपसतो. अमारी लपून बघत असते. जन्मभर बापासमोर मान खाली घातलेली ही मुलगी तीच गुंडाळी उचलते आणि निघते. लेखिका इथे अमारीला एकदम शूर करून टाकत नाही. ती घाबरलेलीच असते, आणि तशीच पळते. मला ते फार आवडलं.

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर सांगणाऱ्याचं नाव आहे: झेली, अमारी, नाहीतर त्यांच्या मागावर निघालेला राजपुत्र इनान. माझी भाची नववीत आहे. ती अर्ध्यात आली आणि विचारायला लागली, "मावशी, हा इनान चांगला काय वाईट, ते सांग की!" मी सांगितलं नाही. त्याच्या मनातली ओढाताण हाच या पुस्तकाचा कस आहे.

आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक फँटसीत बर्फ, दगडी किल्ले आणि लोकरीचे डगले. इथे ऊन आहे, समुद्र आहे, घामेजलेला बाजार आहे. लेखिकेचं घराणं नायजेरियाचं. लागोस, इबादान, इलोरिन ही नावं तिथल्या खऱ्या शहरांची आहेत आणि मंत्र योरुबा भाषेतले. शेवटच्या टिपणात ती लिहिते की अमेरिकेत पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या बातम्यांतून हे पुस्तक आलं. ते टिपण वगळू नका. मारहाण आणि छळाचे प्रसंग बरेच आहेत, तेव्हा आठवी-नववीच्या आतल्या मुलांना देऊ नये.

दुसरं, 'चिल्ड्रन ऑफ व्हर्च्यू अँड व्हेंजन्स', 2019चं. यात झेली आणि अमारी त्याच त्या गोष्टीवरून भांडतात, समेट करतात, परत भांडतात. मधली शंभरेक पानं रेटावी लागतात. तिसरं 2024 साली आलं. पहिल्यापेक्षा बरंच बारीक आणि घाईचं. परक्या मुलखाचे शत्रू मध्येच येतात आणि जुनी माणसं कडेला पडतात. मालिका पुरी व्हावी म्हणून मी घेतलं, पण ही दोन्ही मागून वाचली तरी चालतील. फक्त पहिलं पुस्तक अशा जागी संपतं की दुसरं हाताशी नसेल तर जीव टांगणीला लागतो.

खानापुरात ही पुस्तकं मिळत नाहीत. बेळगावात ज्या दुकानात मी नाव सांगून ठेवते, ते पुस्तक आलं की फोन करतात. चार पैसे जास्त जातात, पण बांधणी उघडून बघता येते. पावसाळ्यात घरपोच आलेली पुस्तकं कोपरे चेपलेली, कधी ओलसर निघतात. जाड पेपरबॅकचा डिंक आमच्या हवेत टिकत नाही, म्हणून जे परत वाचायचं ते मी हार्डबाउंड घेते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलंय, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला. पाऊस सरला की पुस्तकं वाऱ्याला काढायची, पण सावलीत. उन्हात मुखपृष्ठाचा रंग उडतो.

माझ्या ऑफिसातली मैत्रीण घरी कन्नड वाचते, मी मराठी. ही पुस्तकं मात्र आम्ही दोघी वाचतो आणि जेवणाच्या सुट्टीत इनानवरून वाद घालतो. पहिलं पुस्तक सध्या तिच्याकडे आहे.

पुढचं सांगून ठेवलंय ते तनाझ भथेनाचं 'हंटेड बाय द स्काय', 2020चं. त्यातलं अंबर राज्य मध्ययुगीन भारतावरून घेतलेलं आहे आणि ही मालिका दोनच पुस्तकांची, त्यामुळे दोन्ही एकदमच मागवली आहेत.