ग्रेड केलेले जीएसए कार्सन सिटी डॉलर: नाणं पक्कं, पट्टी कच्ची

ग्रेडिंग कंपनीने होल्डरभोवती चिकटवलेली पट्टी तुटली. १८८३-सीसी, म्हणजे अमेरिकेच्या कार्सन सिटी टांकसाळीचा चांदीचा डॉलर, एमएस ६४ (न वापरलेल्या नाण्यांची ६० ते ७० मधली प्रत), जीएसए या अमेरिकी सरकारी खात्याने विकताना घातलेल्या मूळ प्लास्टिक होल्डरमधलं नाणं. होल्डर सोबतच्या काळ्या डबीत सरकवताना पट्टीची कड डबीच्या काठाला अडकली आणि जोडावर उकलली. नाण्याला ओरखडा नाही, होल्डरला तडा नाही, तरी ग्रेडिंग कंपनीच्या लेखी हे नाणं आता ग्रेड केलेलं राहिलेलं नाही. नवी पट्टी हवी असेल तर नाणं पुन्हा पाठवायचं, पूर्ण फी पुन्हा भरायची, जाण्यायेण्याचं विम्याचं टपाल वेगळं, आणि आधीचाच ग्रेड मिळेल याची हमी नाही. संताप येतो तो यासाठी, की खर्च नाण्यावर नाही, चिकटवलेल्या पट्टीवर करायचा आहे.

साधा मॉर्गन डॉलर (कार्सन सिटीचा हा डॉलरही त्याच नमुन्याचा) ग्रेडिंगला गेला की बंद स्लॅबमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या कायमबंद कवचात, येतो. प्लास्टिक फोडल्याशिवाय नाण्याला हात लागत नाही. जीएसए नाण्याचं तसं करता येत नाही, कारण त्याला मिळणारी जादा किंमत मूळ सरकारी वेष्टनामुळे आहे. म्हणून नाणं होल्डरमध्ये ठेवूनच तपासतात आणि होल्डरभोवती ग्रेड व क्रमांक छापलेली पट्टी गुंडाळतात. नाणं बदललेलं नाही याचा एकमेव पुरावा ती पट्टी, आणि सगळ्या संचात सर्वात नाजूक वस्तूही तीच.

पुरावा लागतो, कारण सरकारी होल्डर उघडता येतो. दोन भाग पातीने उचकटून आतलं चांगलं नाणं काढणं आणि त्याच वर्षाचं कमी प्रतीचं नाणं बसवणं हा जुना उद्योग आहे. पट्टी नसलेला होल्डर घेताना चारही कडा भिंगाखाली फिरवून पाहा. सांध्यावर पांढुरके ताणाचे डाग, पातीची खाच, कोपऱ्याचा उडालेला कपचा दिसला तर सोडून द्या. नाणं आत तिरकं फिरलेलं आहे एवढ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही.

जीएसएने नाण्यासोबत दिलेल्या कार्डावर, म्हणजे सर्टिफिकेटवर, विसंबणाऱ्यांसाठी: त्यावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे नाण्याचं वर्ष सांगतात, ८४ असेल तर १८८४. पण होल्डरवर कुठलाही क्रमांक नसतो. म्हणजे ते कार्ड याच नाण्याचं, असं कुणीच सांगू शकत नाही. फक्त वर्ष जुळतं. सुट्या डब्या आणि सुटी कार्डं जमवून ‘संपूर्ण संच’ विकले जातात. डबी-कार्डासाठी थोडं जास्त देणं ठीक, पण त्याला अस्सलपणाचा दाखला समजून पैसे मोजू नका. आधी पहिले दोन आकडे तरी जुळतात का ते पाहा. न जुळणारे संच सर्रास दिसतात.

कित्येक महिन्यांच्या हाताळणीत एक मत पूर्ण बदललं. सुरुवातीला वाटत होतं की होल्डरमधून केलेलं ग्रेडिंग म्हणजे अंदाजपंचे, कारण मधे जाड आणि ओरखडलेलं प्लास्टिक. नियमित पाहिल्यावर लक्षात आलं की नीट दिवा असेल तर प्लास्टिक आड येत नाही. पद्धत अशी: खोली अंधारी, एकच टेबललॅम्प, होल्डर दिव्याखाली हळूहळू तिरका करायचा. डोकं थोडं बाजूला हलवल्यावर जी रेघ नाण्यावरच्या चित्रापेक्षा वेगळी सरकते, ती प्लास्टिकवरची. दहापट भिंगात खात्री होते: प्लास्टिकचा ओरखडा स्पष्ट असताना लिबर्टीचा, म्हणजे नाण्यावरच्या स्त्रीमुखाचा, गाल धूसर दिसतो, आणि गाल स्पष्ट झाला की ओरखडा नाहीसा होतो. गालावर जे उरतं ते खरे व्रण. ही नाणी हजाराच्या पोत्यांत एकमेकांवर आदळत वर्षानुवर्षं पडून होती, त्यामुळे गालावर खुणा असणारच. दिसत नाही ती फक्त कड. ती काळ्या चौकटीत लपते आणि ग्रेडिंगवाल्यालाही दिसत नाही.

आरशासारख्या पृष्ठभागाची, म्हणजे प्रूफलाइकची, परीक्षाही होल्डरमधून होते. बारीक छपाईचा कागद नाण्यासमोर उभा धरायचा. दोन ते चार इंचांवरून अक्षरं नाण्यात वाचता आली तर प्रूफलाइक, सहा इंच किंवा त्याहून दुरून आली तर डीप मिरर. १८८२ ते १८८४ च्या सीसी नाण्यांत असे आरसे बऱ्यापैकी सापडतात. विक्रेत्याने ते न ओळखता साध्या भावात ठेवलेलं नाणं मिळणं, हाच या छंदातला खरा फायदा.

होल्डर पुसण्याबद्दल. हा होल्डर हवाबंद नाही. पॉलिश थेट होल्डरवर ओतलं तर सांध्यातून आत जातं, आणि आत गेलेलं बाहेर काढता येत नाही. प्लास्टिकसाठीचं घट्ट पॉलिश वाटाण्याएवढं मऊ फडक्यावर घ्यायचं, खिडकीच्या मधोमध घासायचं, सांध्यापासून दूर राहायचं. असिटोन, स्पिरिट, अमोनियाचं काच-क्लीनर वर्ज्य. प्लास्टिक कायमचं पांढुरकं होऊ शकतं. पट्टीचं नाणं असेल तर पुसूच नका, ओल लागली की गोंद सुटतो. आणि देवाची भांडी घासायची रांगोळी, चिंच, दातांची पावडर यांचा विचार मूळ नाण्यासाठी मनातही आणू नका. आपल्याकडच्या कितीतरी राणीछाप रुपयांची किंमत या लखलखीत घासण्यानेच चांदीच्या भावावर येऊन ठेपली आहे.

हवाबंद नसल्याने नाणं काळवंडतं. जुना पुठ्ठा, लोकर आणि विशेषतः रबरबँड गंधक सोडतात. पट्टी जपण्यासाठी वरून रबरबँड लावणारे लोक पट्टीही घालवतात आणि नाणंही. होल्डर जिपच्या पॉलिथिन पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी आणि चांदी काळी न पडण्यासाठी मिळणारी वेगळी पट्टी (ग्रेडची नव्हे). काळी डबी वेगळी ठेवायची. पट्टीचा होल्डर डबीत परत घालायचाच नाही, हा या सगळ्या प्रकरणातून काढलेला नियम. नेहमीच्या स्लॅबच्या पेट्यांत हे मोठे होल्डर मावत नाहीत आणि बँकेच्या लॉकरमध्ये दुप्पट जागा खातात, तेव्हा लॉकरचं भाडंही हिशोबात धरा.

आता पैशांचं. १९६४ मध्ये अमेरिकी ट्रेझरीने चांदीचे डॉलर देणं थांबवलं तेव्हा तिजोरीत जवळपास २९ लाख नाणी उरली, बहुतेक कार्सन सिटीची. जीएसएने ती १९७२ ते १९७४ मध्ये टपालाने बोली मागवून विकली आणि उरलेली १९८० मध्ये. १८८२, १८८३, १८८४ यांची किमान बोली ३० डॉलर होती. साठ्यात १८८४ ची ९,६२,६३८ नाणी होती, १८८३ ची ७,५५,५१८, १८८२ ची ६,०५,०२९. इतक्या मुबलक वर्षांतलं एमएस ६२-६३ नाणं स्वतः ग्रेडिंगला पाठवणं म्हणजे फी आणि विमा पाण्यात. ग्रेड हवाच असेल तर आधीच पट्टी असलेलं घ्या. फी पहिल्या मालकाने भरलेली असते. पट्टीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर तपासा, फोटो असेल तर गालावरचे व्रण जुळवून पाहा.

१८८५-सीसी बद्दल विक्रेते हमखास एक वाक्य टाकतात: फक्त २,२८,००० नाणी पाडली. खरं आहे, पण त्यातली १,४८,२८५ याच साठ्यात होती. वापरलेलं, झिजलेलं १८८५-सीसी शोधावं लागतं. होल्डरमधलं कोरं नाणं कायम विकायला असतं. घाई करायचं कारण नाही.

तुटलेल्या पट्टीचं १८८३ पुन्हा पाठवणार नाही. विकताना ते ‘ग्रेड न केलेलं’ म्हणूनच विकायचं, तुटकी पट्टी पिशवीत सोबत. त्यावर एमएस ६४ चा भाव मागणं ही फसवणूक आहे, आणि तसं मागणारे भेटतील तेव्हा एमएस ६३ च्याच भावात बोला.

१८७९, १८९० आणि १८९१ ची गोष्ट मात्र निराळी. साठ्यात अनुक्रमे ४,१२३, ३,९४९ आणि ५,६८७ एवढीच नाणी निघाली, आणि होल्डरमधलं नाणं बदलण्याचा मोह इथेच सर्वात मोठा. ही तीन वर्षं पट्टी शाबूत असल्याशिवाय नुसत्या फोटोवरून घेऊ नका, मग विक्रेता कितीही सूट देवो.