5जी फोनचा वर्षभराचा अनुभव: बडोदा, पूर आणि अपलोड

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेली किंवा पाण्यात बुडालेली गाडी गॅरेजमध्ये जाऊन बघायची, फोटो आणि व्हिडिओ काढायचे आणि तिथूनच ॲपवर चढवायचे, हे रोजचं काम. 2024 च्या गुढीपाडव्याला, म्हणजे एप्रिलमध्ये, 17,000 रुपयांच्या आसपासचा 5जी फोन घेतला. चार-पाच हजार कमीत तेवढ्याच चांगल्या कॅमेऱ्याचा 4जी फोन मिळत होता. त्या जास्तीच्या पैशांचं चीज झालं का, हे वर्षभराच्या वापरावरून सांगता येईल.

माझ्यापुरतं उत्तर: झालं, आणि ते अपलोडमुळे झालं. ज्यांचा फोन मुख्यतः बघण्यासाठी आणि बोलण्यासाठी आहे त्यांनी फक्त 5जीसाठी पैसे वाढवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

डाउनलोडबद्दल फार लिहीत नाही. फुल एचडी व्हिडिओला 5 एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो, आणि बडोद्यात साधं 4जी बहुतेक वेळा तेवढं देतं. रिकाम्या रस्त्यावर 5जीचा आकडा तीनशे-चारशेवर जातो, बघायला छान वाटतं, पण सहा इंची पडद्यावर त्याने काही बदलत नाही. यूपीआयचं पेमेंट तर इतका कमी डेटा घेतं की तिथे वेगाचा प्रश्नच येत नाही.

फरक पडतो फोनमधून बाहेर पाठवताना. ऑगस्ट 2024 च्या शेवटी विश्वामित्री नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि अर्ध्या शहराच्या गाड्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या गॅरेजांत टोइंगच्या गाड्यांची रांग लागली. बुडालेल्या गाडीचा सर्व्हे म्हणजे दोन फोटोंचं काम नव्हे. सीटच्या कापडावर पाणी कुठवर चढलं ती मातकट रेघ, कार्पेटखालचा गाळ, चासी नंबर, ओडोमीटर, फ्यूजबॉक्स, आणि इंजिनाची डिपस्टिक. डिपस्टिक ओढून काढली आणि तेल चहासारखं दुधाळ दिसलं की पाणी इंजिनात शिरलंय हे कळतं, आणि ते व्हिडिओत स्पष्ट दिसावं लागतं. एका गाडीमागे बघता बघता तीन-चारशे एमबी होतात.

तिथे 4जीवर अपलोड 3-4 एमबीपीएसच्या वर जात नव्हता, आणि दुपारी सगळे एकदम चढवायला लागले की त्याहूनही खाली. एका गाडीचं सामान चढायला पंधरा मिनिटं. 5जीवर तेच काम दोनेक मिनिटांत व्हायचं. गॅरेजवाला शेजारी उभा राहून विचारायचा, "साहेब, गेलं का? गाडी खोलू?" पाठवलेलं पोचल्याशिवाय त्याला गाडी खोलता येत नाही, आणि चिखलाचं पाणी जितकं आत राहील तितकं वायरिंग सडतं. ज्याची गाडी आहे तो बिचारा बाहेर उभा. त्या आठवड्यांत मला या फोनची खरी किंमत कळली.

तरी पत्र्याच्या शेडमध्ये आत गेलं की 5जी गायब. टॉवरची ताकद मोठी असते, फोनचा ट्रान्समीटर जेमतेम 200 मिलिवॅटचा. त्यामुळे टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, पण आपलं त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि सगळ्यात आधी अपलोड कोसळतो. शिवाय 5जीच्या 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात (बँडमध्ये) येणं आणि जाणं एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने चालतं, आणि बराचसा वेळ डाउनलोडला दिलेला असतो. मी आता व्हिडिओ आत काढतो आणि चढवायला शटरच्या बाहेर येतो.

आमचं घर दांडिया बाजारात, जुनं, दीड हात जाडीच्या भिंतींचं. गॅलरीत 5जी, मधल्या खोलीत 4जी, देवघरात कधी कधी तेही नाही. 3300 चा पट्टा जाड भिंतीतून नीट आत येत नाही, 700 मेगाहर्ट्झचा येतो. दुकानात "इतके 5जी बँड आहेत" म्हणून मोठा आकडा सांगतात, पण तो आकडा बघण्यापेक्षा यादीत एन78 आणि एन28 आहेत का ते बघा. एन78 म्हणजे 3300 वाला मुख्य पट्टा. एन28 म्हणजे 700 वाला, तो जिओने घेतलाय. त्यावर घराच्या आतही 5जीचं चिन्ह दिसतं, पण पट्टा अरुंद असल्यामुळे वेग बऱ्याचदा 4जीच्या आसपासच राहतो. जिओचं 5जी सुरुवातीपासून स्टँडअलोन, म्हणजे 4जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे. एअरटेलने 4जीच्या आधाराने चालणाऱ्या नॉन-स्टँडअलोनने सुरुवात केली. म्हणजे 4जीचं सिग्नल कच्चं असेल तर तसं 5जीही डळमळतं. फोन घेताना 4जीचे बँडही तितक्याच बारकाईने बघा, कारण दिवसातले कितीतरी तास फोन त्यावरच असतो.

गर्दीत मात्र 5जी उपयोगी पडलं. नवरात्रात मोठ्या गरब्याच्या मैदानावर भाचीला शोधत होतो, तिच्या 4जी फोनवर लोकेशन जाईना, माझ्यावरून जात होतं. कारण सरळ आहे: 4जीचा एक कॅरियर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक तुकडा, जास्तीत जास्त 20 मेगाहर्ट्झचा, आणि 3300 च्या पट्ट्यात जिओ आणि एअरटेलकडे किमान 100-100 मेगाहर्ट्झ. जागा जास्त, माणसं मावतात. फेब्रुवारी 2025 मध्ये बडोद्याजवळच्या कोटंबीच्या स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगचा सामना बघायला गेलो तेव्हाही तोच अनुभव. पण आता ज्याच्या त्याच्या हातात 5जी फोन येतोय, तेव्हा हा फायदा पुढे किती उरेल याची मला शंका आहे.

बॅटरीचा त्रास खरा आहे. सिग्नल काठावर असलं की फोन 5जी आणि 4जीमध्ये उड्या मारत राहतो, आणि मे महिन्याच्या उन्हात हॉटस्पॉट चालू ठेवला तर हातात धरवत नाही. पुराच्या दिवसांत आमच्याकडे वीज नव्हती, टॉवरही धड चालत नव्हते. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क 4जीवर कायम केलं आणि फोन दीड दिवस टिकला. आता घरी आलो की तेच करतो. ही सेटिंग प्रत्येकाला माहीत हवी, विशेषतः नदीकाठी राहणाऱ्यांना.

रिचार्जचा हिशेबही धरा. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलचा अमर्याद 5जी मुख्यतः रोज 2 जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवर मिळू लागला. रोजच्या अपलोडमुळे मला तो परवडतो. आईचा रोजचा दीड जीबीसुद्धा संपत नाही. पुण्याला ताईशी व्हिडिओ कॉल, सकाळी अभंग, संध्याकाळी कीर्तन. तिचा 4जी फोन मी बदलणार नाही, बॅटरी तेवढी नवीन टाकून दिली.

दोन सिम वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. काही फोनमध्ये एका वेळी एकाच सिमवर 5जी चालतं, खोक्यावर ते लिहिलेलं नसतं. दुकानातच दोन्ही सिम घालून, डेटा एकावरून दुसऱ्यावर बदलून बघा. मी एक मकरपुऱ्यासाठी ठेवलंय, एक दांडिया बाजारासाठी, कारण दोन्हीकडे चालणारं एक नेटवर्क मला अजून सापडलेलं नाही.