चष्मा ठेवून की काढून? सोलापूरच्या पक्षिनिरीक्षकासाठी दुर्बिणीचा हिशेब

चष्मा असलेल्या माणसाला दुर्बीण वापरायच्या तीन वाटा आहेत. चष्म्यावरूनच दुर्बीण लावायची, चष्मा काढून नुसत्या डोळ्याने बघायचं, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालायच्या. यातली कोणती घ्यायची हे ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे तुमच्या नंबरचा कागद. दुसरी म्हणजे तुम्ही जास्त कुठे जाता, नान्नजच्या माळावर की हिप्परग्याच्या एकरुख तलावावर.

आधी कागद. ‘स्फेरिकल’च्या रकान्यात नुसता उणे किंवा अधिक नंबर असेल तर दुर्बीण तो स्वतःच भरून काढते. दोन्ही डोळ्यांचा सारखा नंबर फोकसचं मधलं चाक सांभाळतं. दोन डोळ्यांतला फरक बहुधा उजव्या भिंगावर असलेल्या डायॉप्टरच्या कडीने जुळवायचा. मात्र उणे नंबर मोठा असेल तर लांबचं स्पष्ट व्हायच्या आतच काही दुर्बिणींचं चाक अडतं, म्हणून दुकानात चष्मा काढून रस्त्याच्या पार टोकाची पाटी वाचून बघा.

‘सिलिंडर’च्या रकान्यात आकडा असेल तर मात्र चाक कितीही फिरवून भागत नाही. अशा डोळ्याची वक्रता एका दिशेला जास्त आणि दुसरीला कमी असते. उभ्या रेघा स्पष्ट झाल्या की आडव्या पसरतात, आणि चाक दोन्हींना एकदमच पुढेमागे नेतं. अर्ध्या नंबरापर्यंत दिवसा फारसं जाणवत नाही, कारण लख्ख उन्हात बाहुली बारीक होते आणि दोष झाकला जातो. एक किंवा त्याहून जास्त असेल तर चष्मा ठेवाच, असं माझं स्पष्ट मत आहे. खात्री करायची असेल तर रात्री चष्मा काढून दुर्बिणीतून लांबचा दिवा बघा. तो ठिपका न राहता रेघेसारखा ओढला गेला, तर दुर्बीण तशीच ठेवून फक्त मान तिरपी करा. रेघही तिरपी झाली तर दोष डोळ्याचा, नाही झाली तर दुर्बिणीचा.

चष्मा ठेवायचं ठरलं की सगळा खेळ ‘आय रिलीफ’चा. भिंगापासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते हे अंतर. रायफलच्या स्कोपला धक्क्यापासून डोळा वाचवायचा असल्याने ते साधारण ८० ते १०० मिमी ठेवतात, त्यामुळे तिथे चष्म्याची अडचण होत नाही. दुर्बिणीत हाच आकडा १० ते २० मिमीच्या आसपास असतो आणि त्यातले बरेच मिलिमीटर चष्मा खातो. चष्मेवाल्याने १६ मिमीच्या खाली जाऊ नये, १७-१८ मिळाले तर उत्तम. पण खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. तो बहुधा भिंगाच्या काचेपासून मोजलेला असतो, आणि आयकप, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाभोवतीची रबरी कडी, पूर्ण खाली केले तरी त्यांची कड थोडी वर राहते. स्वतःच्या फ्रेमवर लावून बघा. काळ्या धारदार कडेचं पूर्ण गोल वर्तुळ दिसलं पाहिजे. डोळ्याच्या जवळ बसणारी फ्रेम इथे फार उपयोगी पडते. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर हनुवटी किंचित खाली घ्या, म्हणजे काचेच्या वरच्या, लांबच्या नंबरातून नजर जाते.

आता माळ. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी जाहीर झालं. आज माळढोक तिथे क्वचितच दिसतो, पण काळवीट, लांडगे, चंडोल, धाविक, आणि हिवाळ्यात गवतालगत घिरट्या घालणारे शिकारी भोवत्ये यांच्यासाठी वारंवार जावं अशी ती जागा आहे. इथे पक्षी आधी नुसत्या डोळ्याने हेरावा लागतो, मग त्यावर दुर्बीण जाते. चष्मा काढून बघणाऱ्याचा नेमका इथेच घात होतो. तो चष्मा सारून दुर्बीण लावेपर्यंत भोवत्या बांधापलीकडे गेलेला असतो, आणि दुर्बीण खाली घेतली की समोर सगळं धूसर. म्हणून माळावर, सिलिंडर असो वा नसो, मी चष्म्यावरूनच बघण्याच्या बाजूने आहे.

चष्म्यावरूनच बघायचं म्हणून ८×४२ आणि १०×४२ (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीत) यांत चष्मेवाल्याने ८×४२ घ्यावी. बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत पहिलीत ५.२५ मिमी रुंद असतो, दुसरीत ४.२. चष्म्यामुळे डोळा इकडेतिकडे सरकतोच, तेव्हा रुंद झोत पटकन सापडतो. दिसणारं क्षेत्रही मोठं मिळतं आणि हाताची थरथर कमी जाणवते. शिवाय सोलापूरचं ऊन एकदा चढलं की जमिनीलगतची हवा उकळत्या पाण्यासारखी हलायला लागते. मग दहापट काय आणि आठपट काय, पिसं मोजता येत नाहीत. सकाळ लवकर गाठावी. रस्ता सोडून पक्ष्याजवळ जाऊ नये.

तलावावर हिशेब बदलतो. पट्टकादंब किंवा बदकं पाण्यावर बसून असतात, शोधाशोध नसते, तिवईवर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठ्या पटीची दुर्बीण, लावता येतो. साधा नंबर असेल तर इथे चष्मा खुशाल काढा. सिलिंडरवाल्यांनाही मोठ्या पटीवर बरं दिसतं, कारण ६० मिमीच्या स्कोपवर ६० पट केली की झोत फक्त १ मिमीचा राहतो आणि डोळ्याचा वाकडेपणा त्यात फारसा उरत नाही. बदल्यात चित्र काळवंडतं, आणि डोळ्यातले तरंगते ठिपकेही दिसू लागतात. २० ते ३० पट पुरे.

कॉन्टॅक्ट लेन्स चित्राच्या दृष्टीने सर्वांत सरस. पूर्ण क्षेत्र मिळतं, नुसत्या डोळ्यालाही दिसतं, आणि सिलिंडरसाठी टोरिक लेन्स मिळतात. पण बार्शी रस्त्यावरची मोटारसायकल, माळावरचा कोरडा वारा आणि धूळ यांत त्या डोळ्याला टोचतात. ज्यांना रोजची सवय आहे त्यांनीच वापराव्यात, रोज टाकून द्यायच्या घ्याव्यात, गाडीवर गॉगल लावावा आणि जुना चष्मा पिशवीत ठेवावा.

चाळिशीचा चष्मा दुर्बिणीला लागत नाही, तो पक्ष्यांचं पुस्तक वाचायला लागतो. दोरीने गळ्यात अडकवा. पण चाक नीट लावूनही चित्र धुरकट आणि उन्हाकडे तोंड केल्यावर चकाकतं असं दिसत असेल, तर नवी दुर्बीण घेण्याआधी मोतीबिंदू तपासून घ्या, कारण तो कुठल्याच भिंगाने भरून निघत नाही.

घेतल्यावर लगेच जुळवणी करा. उजवं पुढचं भिंग तळव्याने झाका आणि मधल्या चाकाने डावा डोळा स्पष्ट करा. मग डावं झाकून त्याच वस्तूवर उजवीकडची कडी फिरवा. डोळा मिटून हे करू नका, मिटलेल्या पापणीच्या ताणाने दुसरा डोळाही बारीक होतो. कडी जिथे थांबली तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे दुर्बीण दुसऱ्याच्या हातात जाऊन आली तरी पुन्हा जुळवायला वेळ लागत नाही.