काळी पाच आणि आड लय : स्टीव्हन ऑझबर्न यांची फ्रेंच पियानो ध्वनिमुद्रणे

स्कॉटिश पियानोवादक स्टीव्हन ऑझबर्न यांनी हायपेरियन या ब्रिटिश कंपनीसाठी केलेले दोन संच मी गेले काही महिने ऐकत आहे. फ्रेंच संगीतकार मेसियां यांच्या ‘बाल येशूवरील वीस नजरा’ हा संच २००२ सालचा, तर त्यांच्या आधीच्या पिढीतले फ्रेंच संगीतकार रावेल यांच्या समग्र एकल पियानोसंगीताचा संच २०११ सालचा. मी तबल्याच्या अंगाने ऐकणारा श्रोता आहे, पियानोचे माझे शिक्षण शून्य. हे संगीत बोटांच्या कसोटीसाठी प्रसिद्ध असले, तरी मला या वादकाचे मोठेपण बोटांपेक्षा लयीत दिसले.

रावेल यांच्या ‘गास्पार द ला न्वी’ (१९०८) मधील ‘ल जिबे’, म्हणजे फाशीचा खांब, हा भाग घ्या. ज्या गद्यकवितेवरून तो रचला आहे, तिच्यात क्षितिजापलीकडच्या शहराच्या तटावर घंटा वाजत असते आणि मावळत्या सूर्याने लालसर झालेले प्रेत लटकत असते. रावेल यांनी ती घंटा एकाच स्वरावर ठेवली आहे. पेटीवर आपण ज्याला काळी पाच म्हणतो तो स्वर आरंभापासून अखेरपर्यंत, दीडशेच्या आसपास वेळा, वाजत राहतो आणि त्याच्याभोवतीचे स्वरपुंज तेवढे बदलत जातात. शेवटपर्यंत घाई करू नये आणि लय उतरवूही नये, अशी संगीतकाराचीच सूचना आहे. ती पाळणे किती अवघड, हे विलंबित एकतालाचा ठेका धरून बसलेल्या साथीदारालाच विचारावे. ऑझबर्न ती पाळतात. त्यांची घंटा कधी पुढे येऊन मिरवत नाही आणि दाट स्वरांखाली दबूनही जात नाही. संध्याकाळी लांबच्या इगर्जीतून वाऱ्यावर येणाऱ्या घंटेसारखी ती ऐकू येत राहते.

त्यानंतरच्या ‘स्कार्बो’बाबत मात्र माझे समाधान झाले नाही. रशियन संगीतकार बालाकिरेव्ह यांच्या ‘इस्लामी’ या पियानोरचनेपेक्षा अवघड काही लिहावे, या ईर्षेने रावेल यांनी हा भाग रचला. एकाच पट्टीवर वेगाने पुन्हापुन्हा होणारे आघात इथे लख्ख, मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आहेत. पण रात्री खोलीत शिरून छळणाऱ्या या खुज्या पिशाच्चाची भीती वाटायला हवी, ती वाटत नाही.

खरी मेजवानी मेसियां यांच्या संचात आहे. १९४४ साली रचलेली ही वीस भागांची कृती सुमारे दोन तास चालते. मेसियां पॅरिसमधील एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे श्रद्धाळू कॅथलिक होते, आणि त्यांच्या लयविचाराचा एक मोठा स्रोत म्हणजे शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या या ग्रंथातील १२० देशी तालांचा तक्ता त्यांना एका फ्रेंच संगीतकोशात सापडला. पाचव्या भागात त्यांनी रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे ताल ओळीने जोडले आहेत. वरची लड मूळ मात्रांत जाते, मधली तीच लड दीडपट लांबवून, आणि तळाशी ‘ईश्वराची’ म्हणून ठरवलेली धून सावकाश चालत राहते. मधल्या लडीच्या दोन मात्रांत वरच्या लडीच्या तीन बसतात. हा हिशेब म्हणजे आपली आड लयच. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांच्या हातापायांनी वेगवेगळे ताल धरण्याच्या कथा ऐकत वाढलेल्या गोमंतकीयाला इथे परके वाटण्याचे कारण नाही. मी उजव्या हाताने मांडीवर मूळ मात्रा आणि डाव्याने दीडपट धरून पाहिली. काही क्षणांतच दोन्ही हात एकाच लयीत येऊन पडले. ऑझबर्न दहा बोटांत हे तीन थर वाहतात आणि प्रत्येकाचा नाद निराळा ठेवतात. हिशेब कानाला जाचत नाही, हे विशेष.

सहाव्या भागातील प्रचंड फ्यूग, म्हणजे एकच धून निरनिराळ्या थरांत एकामागून एक उमटत जाणारी रचना, मला अजून पूर्ण उलगडलेला नाही. तिथे वादकाची ताकद कळते, बांधणी निसटते. पंधराव्या भागातील अंगाईसारखी धून मात्र पहिल्याच ऐकण्यात मनात बसते. नव्या श्रोत्याने तिथून सुरुवात करावी, मग पाचव्या भागाकडे यावे आणि वीसही भाग एका बैठकीत ऐकण्याचा हट्ट धरू नये.

मिळण्याचे म्हणाल तर, हायपेरियन कंपनी २०२३ मध्ये युनिव्हर्सलकडे गेल्यानंतर तिची ध्वनिमुद्रणे स्ट्रीमिंगवर येऊ लागली. मी रावेलच्या तबकड्या एका विक्रेत्याकडून मागवल्या होत्या, त्या तडकलेल्या डबीतून आल्या. सुदैवाने तबकड्यांना ओरखडा नव्हता. फोनच्या स्पीकरवर मेसियांचा तळातला थर जवळजवळ नाहीसा होतो, तेव्हा बरे हेडफोन हवेतच. आणि पत्र्याच्या शेडवर आषाढाचा पाऊस कोसळत असताना ‘ल जिबे’ लावू नये. काळी पाच त्यात बुडून जाते.